वळणाची शिकवणी

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारसायकलवर लेख लिहावा, याचे आमच्या स्टाफरूममधल्या मंडळींना हसू येणार, हे मी गृहीत धरून चाललो आहे. गेली वीस वर्षे मी मुलांना छंद, वृत्ते आणि अलंकार शिकवतो. गाडीही जवळजवळ तितकीच वर्षे चालवतो. फरक एवढाच की, वृत्ते मला कोणीतरी शिकवली होती. गाडी मात्र मी आपली आपणच शिकलो. थोरल्या भावाने एकदा मैदानावर नेऊन क्लच दाखवला, गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा चालली, आणि "आता येते तुला" असे म्हणून तो घरी निघून गेला. आपल्याकडील बहुतेक घरांत हे शिक्षण इतकेच असते.

तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मी आणि चिरंजीव खिंडशीला निघालो होतो. तो तेव्हा पंधरा वर्षांचा. मनसरहून गाडी रामटेककडे वळली, रस्ता मोकळा, हवा छान. पुढे एक उजवे वळण आले आणि ते मला वाटले होते त्यापेक्षा अधिक आवळत गेले. वेग काही फार नव्हता, साठाच्या आसपास असेल. पण रस्त्याच्या डाव्या कडेला पसरलेली गिट्टी मला दिसली, मी घाबरलो, मूठ सोडली, ब्रेक दाबला आणि गाडी जणू निमंत्रण असल्यासारखी थेट त्या गिट्टीत गेली. मला चार ठिकाणी खरचटले. चिरंजिवांच्या गळपट्टीचे हाड मोडले.

हाड सहा आठवड्यांत जुळले. पण त्या दिवशी डॉक्टरांनी, "झालं कसं?" असे विचारल्यावर, "अहो, गिट्टीवरून गाडी घसरली," असे जे मी उत्तर दिले, ते तेव्हापासून मला टोचत राहिले. कारण गाडी घसरण्याच्या आधी काहीतरी झाले होते, ते मी केले होते, आणि ते काय, हे मला कळत नव्हते. गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्र्याकडे नेली, तेव्हा तो ती उलटीसुलटी तपासून म्हणाला, "सर, गाडीले काई नाई झालं. चालवनारा घाबरला, तर गाडी बिचारी काय करन?"

गेल्या वर्षी चिरंजिवांना अठरा पूर्ण झाली आणि अपेक्षेप्रमाणे मोटारसायकलची मागणी आली. नाही म्हणावे, तर तो मित्रांच्या गाड्या चालवणार, हे उघड होते. हो म्हणावे, तर कोणत्या तोंडाने? दोन दिवस घरात कोणी त्या विषयावर बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सौ.ने पोहे पुढ्यात ठेवता ठेवता निकाल दिला. "त्याला गाडी घ्यायची तर घ्या. पण आधी तुम्ही शिका. वीस वर्षं चालवता म्हणून सांगू नका. माझ्या लेकराला मागे बसवून पाडलंत. अहो, तुम्हालाच येत नाही, तर त्याला कोण शिकवणार?"

मी निरुत्तर झालो. हा प्रश्न आमच्या एकट्या घराचा नव्हे, हे नंतर आकडे पाहिले तेव्हा ध्यानात आले. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. आणि या दुचाकीचे शिक्षण कोठे मिळते म्हणाल, तर जवळजवळ कोठेच नाही. नागपुरात मोटार शिकवणाऱ्या शाळांच्या पाट्या चौकाचौकांत आहेत. दुचाकी शिकवा म्हटले, की माणूस आपल्याकडे दयेने पाहतो. परवान्याची परीक्षा म्हणजे पाय न टेकता आठाचा आकडा काढून दाखवणे. तो आकडा चालण्याच्या वेगाने काढायचा असतो; साठाच्या वेगाने येणाऱ्या वळणाविषयी त्यात अक्षर नाही.

शोध घेता घेता मला 'ट्रॅक डे' हा शब्द भेटला. शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर एक दिवस आपल्याला गाडी चालवू देतात. समोरून ट्रक नाही, मधे गाय नाही, स्पीडब्रेकर नाही. ही शर्यत नव्हे, हे आधी नीट समजून घ्यावे. नंबर लावत नाहीत, बक्षिसे नसतात. येणाऱ्यांचे कुवतीप्रमाणे गट पाडतात आणि प्रत्येक गटाला आळीपाळीने पंधरा-वीस मिनिटे सोडतात. त्यातही दोन प्रकार आहेत. एका प्रकारात नुसता मार्ग खुला करून देतात, मग तुम्ही आणि तुमचे नशीब. दुसऱ्यात दोन फेऱ्यांच्या मधे वर्ग भरतो, शिक्षक मागून गाडीवर येऊन तुमचे चालवणे पाहतो आणि उतरल्यावर चूक सांगतो. नवशिक्याने दुसऱ्याच प्रकाराला जावे. पहिला प्रकार म्हणजे पोहता न येणाऱ्याने स्वच्छ पाण्यात उडी मारण्यासारखा आहे. पाणी स्वच्छ असले, तरी बुडायचे ते बुडतेच.

पण असा मार्ग आहे कोठे? आमच्या नागपूरचा शून्य मैलाचा दगड प्रसिद्ध आहे; येथून मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सुरू होतो, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे (आणि तो योग्यच आहे). महाराष्ट्रात कोल्हापूरकडे आणि मुंबईत वडाळ्याला गो-कार्टिंगचे आखूड मार्ग आहेत. दिल्लीजवळ ग्रेटर नोइडाला २०११ साली बांधलेले बुद्ध सर्किट आहे, पाच किलोमीटरांच्या आतबाहेर लांबीचे. २०२३ च्या सप्टेंबरात तेथे मोटारसायकलींची जागतिक शर्यत झाली. पण त्याचा एक सरळ पट्टाच किलोमीटरहून लांब आहे. माझ्यासारख्याला तेथे वळणापेक्षा वेगाचेच भय अधिक.

या विद्येचे खरे माहेर तामिळनाडू. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ साली निघाला. पूर्वी त्यांच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या, युद्धकाळातल्या धावपट्टीवर होत. पुढे १९९० च्या सुमारास श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे क्लबने स्वतःचा मार्ग बांधला, ३.७ किलोमीटरांचा, बारा वळणांचा. (हे गावाचे नाव मला तीन दिवस म्हणता येत नव्हते, तिकीट तपासनिसाने ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले.) कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे. एस. करिवर्धन हे गिरणीमालक. शर्यतीच्या मोटारींचे त्यांना विलक्षण वेड आणि त्या ते स्वतः घडवीतही. १९९५ साली विमान अपघातात ते गेले, आणि त्यांच्या नावाचा हा मार्ग २००३ साली उभा राहिला. तो दोन किलोमीटरांच्या जरा वर आहे आणि त्यावर फार वेग येत नाही, म्हणून नवशिक्यांना बरा. कर्नाटकात कोलारकडेही शिकवण्यासाठीच बांधलेला एक छोटा मार्ग आहे.

मी इरुंगाट्टुकोट्टै निवडले, त्याचे खरे कारण शास्त्रीय मुळीच नाही. नागपूरहून चेन्नईला गाडी न बदलता जाता येते. शिवाय तेथे भरणाऱ्या वर्गांपैकी काहींचा अभ्यासक्रम मला पटला. कीथ कोड नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९८० साली कॅलिफोर्नियात मोटारसायकलची शाळा काढली. वळण घेण्याच्या एका क्रियेचे त्याने तुकडे पाडले आणि एका वेळी एकच तुकडा शिकवायचा, अशी पद्धत घातली. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला हे आवडणारच. त्याच्या शाळेचे वर्ग चेन्नईच्या मार्गावरही भरत आले आहेत आणि आपल्याकडील पुष्कळ शिक्षकांनी ती पद्धत उचलली आहे.

नाव नोंदवण्यापूर्वी मी फोनवर इतके प्रश्न विचारले, की पलीकडचा तरुण शेवटी "सर, तुम्ही वकील आहात का?" असे म्हणाला. वाचकांपैकी कोणाच्या घरी असा विचार चालू असेल, तर त्यांनीही ते विचारावेत. एका शिक्षकामागे किती शिकाऊ? नवशिक्यांचा गट वेगळा आहे ना, की शर्यतवाल्यांबरोबर सोडतात? वळणात ओलांडायला बंदी आहे ना? रुग्णवाहिका आणि डॉक्टर दिवसभर हजर असतात का? गाडी आणि चामड्याचा पोशाख भाड्याने मिळतो का? शेवटचा प्रश्न नागपूरकरांना फार महत्त्वाचा; नाहीतर गाडी रेल्वेच्या डब्यात घालून हजार किलोमीटर न्यायची, आणि मोडली तर मोडकी परत आणायची. आणखी एक गोष्ट कोणी आपण होऊन सांगत नाही. आपल्या गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. तेव्हा मार्गावर काही मोडले, तर खर्च आपला, असे धरूनच चालावे. ऋतूही पाहावा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पाऊस, एप्रिल-मेमध्ये त्या चामड्यात माणूस उकडून निघेल. मी फेब्रुवारीत गेलो.

तो पोशाख हे एक प्रकरणच आहे. मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध चामडे, पाठीला ढाल, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट आणि तोंड पूर्ण झाकणारे हेल्मेट. दोन तरुणांनी मला त्यात भरले आणि साखळी ओढली. पोट आत घ्या म्हणाले. मी म्हटले, घेतलेलेच आहे. नंतर जबाबदारीच्या कागदावर सही झाली. त्यात शेवटचा रकाना होता, काही झाल्यास कोणाला कळवावे. मी सौ.चा नंबर लिहिला, आणि लिहिताना हात जरा थांबला.

वर्गात आम्ही चौदाजण. माझ्या निम्म्या वयाचे बहुतेक, एक बंगळूरची मुलगी, एक निवृत्त बँक अधिकारी. आधी निशाणे समजावली. पिवळे म्हणजे पुढे धोका, ओलांडू नका. लाल म्हणजे फेरी थांबली, सावकाश परत या. चौकटीचे म्हणजे वेळ संपली. मग पहिला धडा आला: मूठ. एकाच गिअरमध्ये चालवायचे, ब्रेकला हात लावायचा नाही. वळणात शिरण्याआधी वेग कमी करायचा, आणि गाडी एकदा वळली, की मूठ हळूहळू, एकसारखी उघडत न्यायची. शिक्षकाने फळ्यावर दोन चाके काढली. मूठ एकदम सोडली, की भार पुढच्या चाकावर कोसळतो, गाडी दबते. वर ब्रेक दाबला, की वळण्यासाठी धरून ठेवलेली टायरची पकड ब्रेक खाऊन टाकतो. टायरजवळ पकड ठरावीकच असते. ती वळण्यावर खर्च करा किंवा थांबण्यावर, दोन्हीवर पुरी पडत नाही.

मी वहीत लिहायचे थांबलो. मनसरच्या पुढचे ते वळण फळ्यावरच काढलेले होते.

दुसरा धडा, कोठे वळायचे ते आधी ठरवणे. मी आयुष्यभर वळण दिसले की लगेच वळायला सुरुवात करीत आलो होतो, आणि म्हणूनच ते शेवटी आवळते आहे असे वाटे. थोडे थांबून, आतपर्यंत पाहून वळले, तर तेच वळण सैल होते. तिसरा धडा मात्र बुद्धीला न पटणारा. उजवीकडे जायचे, तर हँडलची उजवी मूठ पुढे रेटायची! चालण्याच्या वेगात हे लागू नाही, पण जरा वेग आला, की गाडी अशीच झुकते. आपण सगळे नकळत हेच करतो. घाबरलो म्हणजे तेवढे उलटे करतो. चौथा, हँडल आवळून धरू नये, गुडघ्यांनी टाकी धरावी. आणि पाचवा, नजर. वळायची जागा ठरली, की तेथे पोचण्याआधीच नजर पुढे, वळणाच्या आतल्या टोकावर न्यायची. डोळे जेथे खिळतात, तेथे गाडी जाते. गिट्टीकडे पाहिले, तर गिट्टीत जाते.

दुपारच्या फेऱ्यांत ती बंगळूरची मुलगी मला तीनदा ओलांडून गेली, दर वेळी सरळ पट्ट्यावर, नियमाने. बँक अधिकारीही एकदा गेले. मला त्याचे काही वाटले नाही. चौथ्या फेरीत एका उजव्या वळणात माझा वेग जास्त झाला आहे असे वाटले, आणि डावा कडेचा पट्टा डोळ्यांच्या कोपऱ्यात आला. बोटे ब्रेककडे गेली. मी ती मागे घेतली असे म्हणणे खोटे होईल. ती अर्धी दाबली गेलीच. पण नजर वळवली, मूठ रेटली आणि गाडी आत आली. उतरल्यावर शिक्षक म्हणाला, "पाहिलं मी. घाबरलात." मी म्हटले, "हो." तो म्हणाला, "पण त्या वेळी पाहिलं कुठे?" मी बोटाने दाखवले. त्याने नुसती मान हलवली आणि दुसऱ्याकडे वळला.

घरी आल्यावर सौ.ला अक्षरशः सगळे सांगितले. रामटेकच्या रस्त्यावर मी काय केले, तेही. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग चिरंजिवांना हाक मारून म्हणाली, "बाबा काय सांगतायत ते बस आणि ऐक."

दोन महिने रविवारी सकाळी सहाला आम्ही बापलेक एका रिकाम्या मैदानावर जात होतो. विटांचे तुकडे मांडून वळणे आखली. तो माझ्यापेक्षा लवकर शिकतो, आणि हे तो लपवीत नाही. "बाबा, तुम्ही अजून चाकाजवळच बघता," असे परवा मला सुनावले. मिस्त्री एकदा मुद्दाम पाहायला आला होता, विटांकडे पाहून म्हणाला, "सर, हे शाळा बरी हाय." नंतर त्याने आपल्या पोराला पाठवले.

गाडी अजून घेतलेली नाही. येत्या फेब्रुवारीच्या वर्गासाठी मात्र चिरंजिवांचा अर्ज भरून तयार आहे. परवा रात्री तो टेबलावर पडला होता. शेवटच्या रकान्यात त्याने माझा नंबर लिहिला होता. सकाळी पाहतो तो त्यावर काट मारलेली, आणि खाली सौ.च्या अक्षरात तिचा.