वृद्ध रणगाड्यांचें भवितव्य

अहमदनगर शहराचें आणि तोफांचें नातें जुनें आहे. विजापूरच्या बुरुजावर जी प्रचंड मलिक-ए-मैदान तोफ आजही पाहावयास मिळते, ती १५४९ सालीं निजामशाहीच्या अमदानींत ह्याच शहरांत ओतली गेली. तिचें वजन सुमारें ५५ टन सांगतात. म्हणजे आपल्या सैन्यांतील टी-७२ ह्या अख्ख्या रणगाड्याहून ती एकटी तोफच जड भरेल. परंतु वजनापेक्षांही लक्षांत घेण्याजोगी गोष्ट तिच्या आयुष्याची आहे. त्या काळीं आजोबांनीं ओतलेली तोफ नातवानें डागावी, ह्यांत कोणास नवल वाटत नसे. धातूला तडा गेला नाहीं तोंवर शस्त्र तरुणच. यंत्रयुगानें ही स्थिति पार पालटून टाकली. आज शस्त्राला म्हातारपण येतें, आणि तें एकेकट्या शस्त्राला न येतां एकाच वेळीं घेतलेल्या हजारोंच्या ताफ्याला एकदम येतें.

ह्याचा पुरावा पाहावयास नगराबाहेर जाण्याचें कारण नाहीं. २०२४ सालापासून ज्याचें अधिकृत नांव अहिल्यानगर असें झालें आहे त्या ह्या शहरांत भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचें केंद्र व विद्यालय आहे. १९४८ पासून देशांतील रणगाडा-दलाचें मुख्य शिक्षणपीठ तें हेंच. १९९४ च्या फेब्रुवारींत येथें रणगाड्यांचें संग्रहालय सुरू झालें. रोल्स-रॉइसची चिलखती मोटार, इंग्रजांचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन व चर्चिल, अमेरिकेचा शर्मन, १९६५ च्या युद्धांत पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन आणि आपल्या अवडीच्या कारखान्यांतला विजयंत अशीं सुमारें पन्नास वाहनें तेथें ओळीनें उभीं आहेत. मुलें त्यांच्या पट्ट्यांवर हात ठेवून पाहतात. लोखंड अजून शाबूत आहे. निरुपयोगी झालें आहे तें निराळेंच कांहीं.

विमान व रणगाडा ह्यांचें वार्धक्य एकाच जातीचें नसतें, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत ओझर येथें १९६४ सालीं मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला. तेथें तयार झालेलीं मिग-२१ विमानें साऱ्या देशाच्या आकाशांत फिरलीं, आणि १९६३ सालीं हवाई दलांत आलेल्या ह्या जातीला २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगड येथें अखेरचा निरोप देण्यांत आला. प्रत्येक उड्डाणांत विमानाच्या पंखांवर ताण पडतो व सुटतो. तार पुनःपुन्हा वांकविली म्हणजे ती जशी एका क्षणीं न कळत तुटते, तसा धातूला शीण येतो. म्हणून विमानाचें आयुष्य वर्षांपेक्षां उड्डाणाच्या तासांत मोजतात. ते तास संपले म्हणजे वैमानिकाचें कौशल्य किंवा कारागिराची हातोटी कामास येत नाहीं. मिग-२१ गेल्यानें हवाई दलाच्या लढाऊ तुकड्या ४२ ह्या मंजूर संख्येच्या ठिकाणीं २९ वर आल्या. ही उणीव कागदावर दिसते, वर्तमानपत्रांत छापून येते, आणि तिच्याबद्दल सरकारला जाब विचारतां येतो.

रणगाड्याचें तसें नाहीं. त्याचें शरीर जाड पोलादाचें. तो बंद पडला तरी कोसळत नाहीं, जागच्या जागीं उभा राहतो. कारखान्यांत नेऊन तो साफ उकलावा, इंजिन, पट्टे, तारा बदलाव्या, रंग द्यावा आणि पुन्हा रेजिमेंटकडे पाठवावा, असें दोनदां-तीनदां करतां येतें. नोंदवहींतील आंकडा हालत नाहीं. म्हणूनच रणगाड्यांचें वार्धक्य फसवें असतें, आणि त्याबद्दल गवगवाही कमी होतो.

टी-७२ चें उदाहरण घ्यावें. सोव्हिएट रशियाकडून हे रणगाडे १९७० च्या दशकाच्या अखेरीस येऊं लागले. पुढें १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धांत मद्रासजवळ अवडी येथें ते ‘अजेय’ ह्या नांवानें तयार होऊं लागले. आज त्यांची संख्या सुमारें २४०० आहे, म्हणजे आपल्या चिलखती दलाचा मोठा भार अजून त्यांच्याच खांद्यावर आहे. सुमारें ४१ टनांच्या ह्या रणगाड्याला ७८० अश्वशक्तीचें इंजिन होतें. नवा असतांना तें पुरलें. मग कालांतरानें त्याच्या अंगावर, शत्रूचा गोळा आदळतांच बाहेरच्या बाहेर उडून त्याचा जोर मोडणाऱ्या स्फोटक चिलखताच्या विटा बसल्या. ओझें वाढलें, हृदय मात्र तेंच राहिलें. त्यांत २०२० सालीं चिनी सैन्याशीं तेढ उद्भवल्यावर हे रणगाडे लडाखच्या पठारावर उभे करावे लागले. तेथें हवा विरळ. इंजिनाला श्वास अपुरा पडतो व त्याची शक्ति घटते.

डोळ्यांची कथाही अशीच. टी-७२ प्रथम आला तेव्हां रात्रीं पाहण्यासाठीं त्यावर अवरक्त किरणांचा दिवा होता. स्वतः दिवा लावून शत्रूला शोधावयाचें, म्हणजे तसेंच उपकरण बाळगणाऱ्या शत्रूला आपला ठावठिकाणा कळवावयाचा! पुढें वस्तूच्या अंगच्या उष्णतेवरूनच तिची आकृति दाखविणाऱ्या दुर्बिणी निघाल्या, आणि रात्रीच्या युद्धाचें स्वरूपच बदललें. २६ फेब्रुवारी १९९१ रोजीं इराकच्या वाळवंटांत धुळीच्या वादळांतून अमेरिकन रणगाड्यांनीं इराकी टी-७२ टिपले, तेव्हां इराकी गोलंदाजांना आपल्यावर कोण तोफ डागीत आहे हें पुष्कळदां दिसलेंही नाहीं. आपल्याकडे अशा दुर्बिणी मागाहून बसविण्यांत आल्या. त्या मूळच्या रणगाड्यांत नव्हत्या.

आणि तिसरी अडचण सुट्या भागांची. घरांतलें शिवणयंत्र साठ वर्षें चालतें. पण ज्या दिवशीं त्याची विशिष्ट सुई बाजारांत येईनाशी होते, त्या दिवशीं तें नुसतें टेबल होतें. १९९१ सालीं सोव्हिएट राज्य मोडलें तेव्हां ह्या सुईची चणचण आपल्या सैन्यानें अनुभवली. २०२२ पासून रशिया स्वतःच युक्रेनमधील युद्धांत गुंतल्यावर तीच चिंता पुन्हा उभी राहिली.

श्रोत्यांपैकीं कोणी म्हणेल, कीं शस्त्र जुनें असलें म्हणून काय बिघडलें? १९६५ च्या सप्टेंबरांत पंजाबांत असल उत्तर येथें पाकिस्तानच्या नव्याकोऱ्या पॅटनांसमोर डेक्कन हॉर्सचे रणगाडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतले शर्मन होते. तरीही पाकिस्ताननें त्या रणभूमीवर नव्वदांहून अधिक रणगाडे गमावले. उंसाच्या फडांत दबा धरलेला गोलंदाज आणि पाणी सोडून चिखल केलेलीं शेतें ह्यांनीं वयाचा हिशेब उलटा केला. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियन रणगाड्यांतून अखेरपर्यंत लढले, त्याचीही घडण पहिल्या तारुण्यांतली नव्हती. ‘फामागुस्ता’ नांवाचा तो रणगाडा आज नगरच्याच केंद्रांत जतन केलेला आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि नगरच्या विद्यालयाचें मोल त्यावरूनच कळतें. परंतु तो पुरा नाहीं. शर्मनच्या गोलंदाजाला पॅटन दिसत होता. इराकी गोलंदाजाला शत्रु दिसतच नव्हता. कौशल्य उणीव भरून काढतें तें उणीव कांहीं मर्यादेंत असेपर्यंत.

विजयंताची हकीकत ह्या संदर्भांत बोधप्रद आहे. इंग्लंडच्या व्हिकर्स कंपनीच्या आराखड्यावरून तो घडविला गेला, आणि १९६५ च्या अखेरीस अवडीहून त्याचें उत्पादन सुरू झालें. दोन हजारांहून अधिक विजयंत तयार झाले. त्याचें इंजिन पहिल्यापासून नाजूक प्रकृतीचें. तें काढून टी-७२ चें इंजिन बसवावें व विजयंताला दुसरें तारुण्य द्यावें, अशी योजना निघाली. तिला ‘बायसन’ हें नांव होतें. ती सोडून देण्यांत आली, कारण तोच पैसा टी-७२ च्या सुधारणेकडे वळविणें अधिक फायद्याचें वाटलें. कांहीं विजयंतांच्या सांगाड्यांवर १३० मिलिमीटरच्या तोफा चढल्या, कांहींचे फिरते बुरूज सीमेवर जमिनींत पक्के बसवून त्यांचे मोर्चे करण्यांत आले, आणि चालू शतकाच्या पहिल्या दशकांत विजयंत सैन्यांतून दिसेनासा झाला. गंमत अशी, कीं मिग-२१ विमानांच्या सुधारणेलाही ‘बायसन’ हेंच नांव होतें. तो बायसन ओझरला प्रत्यक्षांत उतरला, सुमारें सव्वाशें विमानें नवीं रडारें व अस्त्रें घेऊन आणखी वीस वर्षें उडालीं. परंतु त्यानें एक वाईट खोडही लावली. त्यांची जागा घेणाऱ्या हलक्या लढाऊ विमानाची योजना १९८३ सालची. त्याची पहिली तुकडी उभी राहिली १ जुलै २०१६ रोजीं. जुनें चालतें आहे म्हणून नव्याची घाई नाहीं, आणि नवें आलें नाहीं म्हणून जुनें चालविणें भाग आहे, असें हें चक्र.

आतां तेंच चक्र टी-७२ भोंवतीं फिरत आहे. ७ मार्च २०२५ रोजीं संरक्षण मंत्रालयानें रशियाच्या निर्यात संस्थेशीं २४ कोटी ८० लाख डॉलरांचा करार केला. त्यान्वयें टी-७२ साठीं १००० अश्वशक्तीचीं इंजिनें येतील, आणि तीं अवडीस बांधण्याची विद्याही मिळेल. हृदय बदलण्याचा हा उपाय योग्यच आहे. तथापि एका दुखण्यावर त्याचा इलाज नाहीं. ह्या रणगाड्यांत गोळे भरण्यासाठीं चौथा माणूस नसतो. तळाशीं फिरत्या चक्रांत २२ गोळे मांडलेले असतात आणि यंत्र ते उचलून तोफेंत घालतें. आंतले दोघे जण, नायक व गोलंदाज, ह्या दारूच्या चक्रावरच बसलेले असतात. चिलखत भेदून ठिणगी तेथवर पोंचली, कीं सारा फिरता बुरूज हवेंत उडतो. युक्रेनच्या रणांगणावरून आलेल्या छायाचित्रांत असे उडालेले बुरूज जगानें पाहिले. ही रचना रणगाड्याच्या हाडांतच आहे; ती बदलावयाची म्हणजे दुसरा रणगाडाच करावा लागेल.

तो दुसरा रणगाडा अजून कागदावर आहे. टी-७२ च्या जागीं घेण्याच्या १७७० नव्या रणगाड्यांबद्दल सैन्यानें २०२१ सालीं कारखानदारांकडून माहिती मागविली. ३ सप्टेंबर २०२४ रोजीं संरक्षण खरेदी मंडळानें त्याची गरज मान्य केली. पहिले रणगाडे २०३० च्या सुमारास यावे अशी अपेक्षा आहे. येथें साध्या त्रैराशिकाची गरज आहे. वर्षाला शंभर रणगाडे तयार झाले, आणि हा वेग मुळींच सामान्य नव्हे, तरी १७७० पुरे व्हावयास जवळजवळ अठरा वर्षें लागतील. म्हणजे शेवटचा टी-७२ रांगेंतून बाहेर पडेल तो २०४७ च्या आगेंमागें. तोंवर ह्या ताफ्यांतील पुष्कळांनीं पन्नाशी मागें टाकलेली असेल. अर्जुनाचा अनुभव पाहतां हें गणितही आशावादीच म्हणावें लागेल. १९७४ सालीं मंजूर झालेला तो रणगाडा २००४ सालीं सैन्यांत आला, आणि आजवर त्याच्या मागण्या पहिल्या १२४ व २०२१ सालच्या ११८ एवढ्याच झाल्या. त्याची नवी आवृत्ति ६८ टनांची. तेवढें वजन पेलणारे पूल सर्वत्र नाहींत. म्हणून नवा रणगाडा मध्यम वजनाचा हवा, असा सैन्याचा आग्रह आहे, आणि तो रास्त आहे.

ह्या सगळ्यांत रणगाड्याला एक नवा शत्रु उत्पन्न झाला आहे, तो म्हणजे वैमानिकरहित विमान. रणगाड्याचें चिलखत समोर जाड व माथ्यावर पातळ. आणि हा लहानसा शत्रु माथ्यावरूनच येतो. योगायोगाची गोष्ट अशी, कीं नगरच्याच वाहन संशोधन व विकास संस्थेनें, बंगलोरच्या दोन संस्थांच्या सहकार्यानें, ‘निशांत’ ह्या वैमानिकरहित विमानासाठीं ५५ अश्वशक्तीचें फिरत्या दट्ट्याचें इंजिन तयार केलें, आणि २००९ सालीं तें आकाशांत चाललेंही. एकाच गांवांत रणगाडा चालविण्याचें शिक्षण मिळतें आणि त्याच्या वैऱ्याचें इंजिनही घडतें! रणगाड्याचा काळ संपला, असा निष्कर्ष ह्यावरून घाईनें काढूं नये. भूमि जिंकून ती धरून ठेवण्याचें काम आकाशांतून होत नाहीं. परंतु माथ्याचें रक्षण करणारी सामग्री नव्या रणगाड्याची वाट न पाहतां जुन्यांवर आजच चढविली पाहिजे, कारण उद्यां युद्ध झालें तर जवान ह्यांतच बसून जाणार आहेत.

शहराबाहेर खारे-कर्जुनें गांवाच्या आद्याक्षरांवरून ओळखलें जाणारें के. के. रेंज हें तोफांच्या सरावाचें मैदान आहे. २२ सप्टेंबर २०२० रोजीं तेथें अर्जुनाच्या तोफेच्या नळींतून स्वदेशी क्षेपणास्त्र सोडून तीन किलोमीटरांवरील लक्ष्य अचूक भेदण्यांत आलें. अशा अस्त्रानें रणगाड्याचा हात लांब होतो. पण हात लांबला म्हणजे सरावास मोकळी जागाही अधिक लागते, आणि त्या मैदानाच्या कडेला राहुरी, पारनेर व नगर तालुक्यांतील गांवें वसलेलीं आहेत. जमिनी मैदानाखालीं जातील ह्या भीतीनें तेथील शेतकऱ्यांनीं वेळोवेळीं विरोध केलेला आहे. रणगाड्याचें वय दिल्लींत फायलींवर मोजलें जातें. सुटलेल्या गोळ्याचा आवाज मात्र ह्या गांवांतील घरांत ऐकूं येतो, आणि नवा रणगाडा आला कीं त्याचीही पहिली चांचणी बहुधा ह्यांच्याच शिवारालगत होईल.