काचबिंदूची नळी आणि पहिले सहा आठवडे

काचबिंदूत डोळ्यातला दाब थेंबांनी, लेझरने किंवा ट्रॅबेक्युलेक्टॉमी या नेहमीच्या शस्त्रक्रियेने उतरला नाही, तर डोळ्यात सिलिकॉनची बारीक नळी बसवतात. तिचे एक टोक पारपटलामागच्या पोकळीत उघडते. दुसरे टोक पापणीआड, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर शिवलेल्या प्लेटला जोडलेले असते. डोळ्यात मिनिटाला साधारण 2.5 मायक्रोलिटर पाणी तयार होते. ते या नळीतून प्लेटवर येते आणि भोवतीच्या ऊतींत शोषले जाते. काचबिंदूने गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. जी उरली आहे ती राखायची असते. नळीची पाळी येते तेव्हा ही उरलेली नजर बहुधा थोडीच असते. म्हणून या शस्त्रक्रियेत दाब किती उतरला याइतकेच गुंतागुंत किती टळली यालाही महत्त्व आहे.

डोळ्यातले पाणी बाहेर काढण्याचे प्रयत्न जुने आहेत. 1906 च्या सुमारास घोड्याचा केस आणि 1912 मध्ये रेशमाचा दोरा वापरून पाहिला गेला, पण जखम भरून आली की वाट बुजून जाई. खरी कल्पना अँथनी मोल्टेनो यांची. शरीर परक्या वस्तूभोवती आवरण घालतेच, तर त्या आवरणाचाच उपयोग करावा, असा विचार त्यांनी 1969 मध्ये मांडला. नळीला प्लेट जोडली की तिच्याभोवतीच्या आवरणात एक पोकळी राहते, आणि पाणी किती वेगाने शोषले जाईल हे त्या आवरणाची जाडी आणि क्षेत्रफळ ठरवते. पुढे 1973 मध्ये नळी लांब करून प्लेट डोळ्याच्या मागच्या बाजूला नेण्यात आली. आजची प्लेट असलेली सगळी साधने याच तत्त्वावर चालतात.

अडचण वेळेची आहे. आवरण तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोपर्यंत पाण्याला अडवणारे काहीच नसते. नेहमीच्या नळीची आतली पोकळी सुमारे 0.3 मिलिमीटर रुंद असते. डोळ्यातल्या प्रवाहासाठी ती इतकी मोठी आहे की तिचा अडथळा जवळजवळ शून्य ठरतो. अशी नळी मोकळी सोडली तर दाब 5 मिलिमीटर पाऱ्याच्याही खाली जातो. पुढची पोकळी चपटी होते, भिंग किंवा नळी पारपटलाला टेकते, दृष्टिपटलामागच्या रक्तवाहिन्यांच्या थराखाली पाणी साचते. फार वाईट प्रसंगी तिथे रक्तस्राव होऊन नजर कायमची जाते. वय जास्त, आधीचा दाब खूप चढलेला किंवा पूर्वी डोळ्यातली जेली काढलेली असेल तर हा धोका वाढतो. सुरुवातीच्या बहुतेक गंभीर गुंतागुंतींचे मूळ या पहिल्या सहा आठवड्यांत आहे.

त्यावर दोन उपाय रूढ झाले. पहिला झडपेचा. 1993 मध्ये आलेल्या अहमद व्हॉल्व्हमध्ये सिलिकॉनचे दोन पातळ पडदे असतात आणि दाब 8 ते 12 मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला तरच ते उघडावेत अशी रचना असते. बसवण्यापूर्वी सलाइन सोडून ते पडदे मोकळे करून घ्यावे लागतात. ही साधी पायरी राहिली तर झडप चिकटलेलीच राहते.

दुसरा उपाय दोऱ्याचा. बेअरव्हेल्टच्या साधनाला झडप नसते, प्लेट मात्र 350 चौरस मिलिमीटरपर्यंत मोठी असते. त्याच घडणीचे, मदुराईच्या ऑरोलॅबने बनवलेले ‘आदी’ हे साधन परदेशी साधनांच्या मानाने खूपच स्वस्त आहे. त्यामुळे ज्यांना पूर्वी नळी परवडत नव्हती अशा रुग्णांपर्यंतही ती पोचली. या साधनांत नळी विरघळणाऱ्या दोऱ्याने करकचून बांधतात. गाठ बसल्यावर सलाइन सोडून थेंबही पुढे जात नाही ना, हे तिथल्या तिथे पाहणे सक्तीचेच मानायला हवे. ढिली गाठ म्हणजे न बांधलेली नळी. दोरा विरघळेपर्यंत दाब चढलेला राहू नये म्हणून गाठीच्या अलीकडे, डोळ्याच्या बाजूला, नळीला सुईने बारीक छेद देतात आणि थेंब चालू ठेवतात. काही सर्जन नळीच्या पोकळीत आणखी एक दोरा घालून ठेवतात आणि योग्य वेळी तो ओढून काढतात.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात गाठ सुटते आणि दाब एकदम कोसळू शकतो. तोवर रुग्णाला बरे वाटू लागलेले असते, जखम भरलेली असते, आणि नेमकी याच सुमाराची तपासणी चुकवली जाते. दाब उतरवणारे थेंब गाठ सुटल्यावरही तसेच चालू राहिले तर दाब आणखीच खाली जातो. या दिवसांत डोळा जवळजवळच्या अंतराने तपासून थेंब वेळेवर कमी करणे हा गुंतागुंत टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

झडप बरी की दोरा, यावर दोन मोठ्या तुलनात्मक अभ्यासांची पाच वर्षांची एकत्र आकडेवारी आहे. दाब सरासरी अहमदच्या डोळ्यांत 15.8 आणि बेअरव्हेल्टच्या डोळ्यांत 13.2 मिलिमीटर पारा राहिला. पण फार कमी दाबामुळे शस्त्रक्रिया फसण्याचे प्रमाण अहमदमध्ये 0.4 टक्के तर बेअरव्हेल्टमध्ये 4.5 टक्के होते. म्हणजे एक साधन जास्त सुरक्षित, दुसरे दाब जास्त उतरवणारे. निवड त्या-त्या डोळ्याकडे पाहूनच करावी लागते. झडप असली म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण पहिल्या तीन महिन्यांत आवरण जाड होऊन दाब पुन्हा चढण्याचा टप्पा अहमदमध्येच जास्त दिसतो. पाण्याची निर्मिती कमी करणारे थेंब लवकर सुरू केले तर तो सौम्य होतो.

अलीकडे नळीच बारीक करण्याकडे कल आहे. सिंगापूरच्या पॉल च्यू यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साधनात आतली पोकळी 0.127 मिलिमीटर आहे. अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या नेहमीच्या नळीपेक्षा तो तीसपटीहून जास्त होतो. तरीही तो पुरेसा नसतो, म्हणून अनेक सर्जन आत दोरा ठेवतातच.

उशिरा होणारे नुकसान मुख्यतः पारपटलाचे. त्याच्या आतल्या थराच्या पेशी मेल्या की नव्याने तयार होत नाहीत आणि नळीचे टोक जवळ असेल तर त्या झपाट्याने घटतात. म्हणून नळी परितारिकेला समांतर, पारपटलापासून शक्य तितकी दूर ठेवतात. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या डोळ्यात ती परितारिकेच्या मागे नेता येते. सुईचे छिद्र नळीला घट्ट बसेल एवढेच, साधारणतः 23 गेजचे असावे लागते. ते मोठे झाले तर पाणी बाजूने झिरपते आणि बांधलेल्या गाठीचा उपयोग राहत नाही.

नळीवरचे पातळ आवरण झिजून ती उघडी पडणे हा आणखी एक धोका आहे, कारण त्या वाटेने जंतू थेट डोळ्यात शिरतात. ते टाळण्यासाठी नळीवर दात्याच्या श्वेतपटलाचा किंवा पारपटलाचा तुकडा शिवतात. प्रत्यारोपणाला योग्य न ठरलेले दान केलेले पारपटलही इथे कामी येते. खालच्या बाजूला बसवलेल्या नळ्या जास्त वेळा उघड्या पडतात, म्हणून वरची बाहेरची बाजू पहिली पसंती असते. मोठ्या प्लेटमुळे डोळ्याचे स्नायू अडून दोन प्रतिमा दिसू शकतात. प्लेटला ठेवलेल्या भोकांतून ऊती वाढून प्लेटवरचा फुगवटा बसतो आणि हा त्रास कमी होतो.

नळी बसवलेल्या रुग्णाने डोळा चोळू नये आणि पाचव्या-सहाव्या आठवड्याची तपासणी कोणत्याही कारणाने चुकवू नये. एकाएकी दुखणे, लाली, चिकट स्राव किंवा नजर अंधुक होणे यांपैकी काहीही जाणवले तर, शस्त्रक्रियेला कितीही वर्षे झाली असली तरी, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.