भिशीचा पैसा ही अमानत आहे, तिचा हिशेब कागदावर हवा

ठाण्यातील राबोडी आणि महागिरी, पुढे मुंब्रा-कौसा, तिकडे कल्याणचा दूधनाका. या वस्त्यांतील छोटा दुकानदार, शिलाई कारखान्यातील कारागीर, बेकरी कामगार आणि रिक्षावाला यांच्या घरखर्चात एक रक्कम दर महिन्याला बाजूला निघते. ती भिशीची. २०१४ पासून जनधन खाती निघाली, मोबाईलवरून पैसे पाठवणे सोपे झाले, तरी भिशी संपली नाही. दुकानाचे डिपॉझिट, ओव्हरलॉक मशीन, जूनमधील शाळेची फी, मुलीचे लग्न. अशी कितीतरी कामे आजही तिच्यावरच पार पडतात. म्हणून तिला जुनाट म्हणून नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण ती डोळे मिटून चालवण्याचे दिवसही राहिलेले नाहीत.

भिशीचे बळ कशात आहे?

वीस जणांनी महिन्याला दोन-दोन हजार काढले, तर दर महिन्याला चाळीस हजारांची रक्कम उभी राहते. चिठ्ठी निघेल त्याला ती मिळते आणि वीस महिन्यांत प्रत्येकाचा नंबर येतो. पहिल्या नंबरवाल्याला ३८ हजारांची उचल बिनव्याजी मिळाली; शेवटच्याची बचत झाली, जी घरात राहिली असती तर खर्च झाली असती. कुणी कुणाला व्याज दिले नाही, कुणी घेतले नाही. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या आपल्या माणसाला ही पद्धत जवळची वाटते, याचे कारण हेच.

तिचे दुसरे बळ आपल्या फारसे लक्षात येत नाही. चिठ्ठीच्या भिशीत पैसा कुठेच मुक्काम करत नाही. ज्या दिवशी जमा झाला, त्याच दिवशी वाटला गेला. जो पैसा कुणापाशी साठतच नाही, तो एकगठ्ठा बुडण्याची भीती राहत नाही. भिशी चालवणारा जेव्हा म्हणू लागतो, ‘रक्कम माझ्यापाशी राहू द्या, वर्षाने वाढवून देतो’, तेव्हा ती भिशी राहिलेली नसते. ती ठेव झालेली असते. हा फरक ज्याला कळला, तो बऱ्याच संकटांतून वाचला.

लिलावाच्या भिशीचेही तसेच. चाळीस हजारांची रक्कम गरजू माणूस ३४ हजारांवर उचलतो आणि सुटलेले सहा हजार वीस जणांत तीनशे-तीनशे वाटले जातात. वाटून घेणाऱ्याला हा ‘नफा’ वाटतो, पण तो अडलेल्या भावाच्या खिशातून आलेला असतो. नाव बदलले म्हणून व्याजाचा व्यवहार बदलत नाही. ज्यांना व्याज नको आहे, त्यांनी लिलाव टाळावा आणि चिठ्ठी किंवा गरजेनुसार नंबर हाच मार्ग धरावा.

डोंबिवलीचा धडा

ऑक्टोबर २०१९ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, गुडविन ज्वेलर्स या पेढीची डोंबिवली आणि ठाण्यातील दुकाने बंद झाली. सोन्यासाठी दरमहा पैसे भरणारे आणि ठेवी ठेवणारे पोलीस ठाण्यात धावले. डिसेंबर २०१९ मध्ये मालकांना अटक झाली. पैसे भरणाऱ्यांत लग्नासाठी दागिने जमवणारी साधी कुटुंबे होती. दरमहा हप्ता भरायचा आणि शेवटी मोठी वस्तू घ्यायची, एवढ्यापुरते या योजनेचे रूप भिशीसारखे होते. मात्र भिशीत पैसा सभासदांत फिरतो. इथे तो एकाच पेढीकडे जात होता. दुकानाचा झगमगाट ही हमी नसते.

बिनव्याजी संस्थांचा अनुभवही आपल्याजवळ आहे. १९७६ साली मुंबईत बैतुन्नस्र पतसंस्था सुरू झाली. छोट्या व्यापाऱ्यांकडून थोडी-थोडी बचत गोळा करायची आणि बिनव्याजी कर्ज द्यायचे, असे तिचे काम होते. या शतकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. उत्तर प्रदेशात देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ मध्ये उभा राहिला, तोही छोट्या ठेवी आणि दागिने तारण ठेवून बिनव्याजी कर्ज या पायावर. हेतू नेक असला तरी संस्थेला वसुली, तपासणी आणि हिशेब यांची शिस्त लागतेच.

ठेव ठेवण्याआधी प्रत्येकाने आणखी एक गोष्ट विचारावी. सहकारी बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला हे विमा संरक्षण नाही. दोघींच्या पाट्या सारख्याच दिसतात, म्हणून विचारलेले बरे.

एक सभासद थांबला तर?

भिशीतील खरा धोका मोडणाऱ्या सभासदाचा आहे. वरच्याच उदाहरणात पहिल्या महिन्याला चाळीस हजार उचलणाऱ्याने तीन हप्ते भरून हात वर केले, तर त्याने भरलेले फक्त सहा हजार. उरलेले ३४ हजार बाकीच्यांचे गेले. पुढच्या १७ जणांना चाळीसऐवजी ३८ हजारच मिळणार. मग भांडण, अबोला आणि शेवटी मोहल्ल्यातील जुनी मैत्री तुटणे. पैशाचे नुकसान भरून निघते, पण विश्वासाचे लवकर निघत नाही.

यावर उपाय सोपे आहेत. सुरुवातीचे नंबर घेणाऱ्याने भिशीतल्याच एखाद्या सभासदाला जामीन द्यावे. हप्त्याबरोबर प्रत्येकाने पन्नास रुपये जास्त भरावेत. महिन्याला एक हजार आणि वीस महिन्यांत वीस हजारांचा राखीव निधी होतो. कुणी आजारी पडले, काम सुटले, तर त्यातून हप्ता भरता येतो. निधी वापरला गेला नाही, तर शेवटी प्रत्येकाला आपले हजार रुपये परत. हा निधी मात्र कुणा एकाच्या घरी न ठेवता दोघांच्या संयुक्त खात्यात ठेवावा.

हिशेबाची वही एकाकडे आणि प्रत्येकाची छोटी वही त्याच्याजवळ, अशी दुहेरी नोंद असावी. भरल्याची सही, उचलल्याची सही. हप्ता मोबाईलवरून भरला तर पुरावा आपोआप राहतो. ‘खालाजान, तुमच्यावर विश्वास आहे, वही कशाला?’ असे म्हणणारे भेटतात. त्यांना आम्ही एवढेच सांगू की कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा, ही कुरआनची स्पष्ट सूचना आहे. लिहिण्याने विश्वास कमी होत नाही, तो टिकतो.

ओळखीच्या माणसांच्या वर्तुळाबाहेर जाऊन, कमिशन घेऊन, अनोळखी सभासद जमवून चिठ्ठ्या चालवणाऱ्याला १९८२ च्या चिट फंड कायद्यानुसार नोंदणी लागते. अशा ठिकाणी पैसे देण्यापूर्वी नोंदणीचा कागद मागावा.

ध्येय ठरवून भिशी

अनेक घरांत भिशी लागते आणि त्या पैशाचा महिनाभरात मागमूस राहत नाही. कारण ती कशासाठी, हे आधी ठरलेले नसते. शाळेच्या फीसाठी असेल तर नंबर मे महिन्यात हवा. रमजानचा माल भरायचा असेल तर रमजानच्या दीड-दोन महिने आधी. आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, हे दोन वर्षांची भिशी लावणाऱ्या व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे.

ध्येयाशी बांधलेली छोटी बचत किती दूर जाऊ शकते, हे मलेशियाने दाखवले. तेथील अर्थतज्ज्ञ उंगकू अझीझ यांनी १९५९ मध्ये हजच्या बचतीची योजना मांडली. गरीब शेतकरी जमीन-जनावरे विकून हजला जात आणि परतल्यावर कंगाल होत. १९६३ मध्ये संस्था उभी राहिली. ती आज ताबुंग हाजी म्हणून ओळखली जाते. थोडे-थोडे साठवायचे, व्याज न घेता तो पैसा व्यवसायात गुंतवायचा, ही तिची रीत.

आपल्या भगिनींसाठी बचत गटाची वाटही खुली आहे. १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकेशी जोडण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रात १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ गट बांधण्याचे काम करते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही गटाची पंचसूत्री. अंतर्गत कर्जावर किती आकारायचे, हे गट स्वतः ठरवतो. काहीच न आकारण्याचेही ठरवू शकतो. भिशी वीस महिन्यांनी संपते, पण गटाची शिल्लक आणि नोंद राहते.

आमची सूचना साधी आहे. येत्या महिन्यात आपली भिशी भरेल, तेव्हा दहा मिनिटे जास्त बसा. वही उघडा, जामीन ठरवा, पन्नास रुपयांचा निधी सुरू करा आणि प्रत्येकाला विचारा, ‘तुमचा नंबर कशासाठी?’ ज्याची गरज खरी आणि तारीख जवळची, त्याला पुढचा नंबर द्या. आपल्या घामाचा पैसा आहे. तो वेळेवर, पूर्ण आणि योग्य हातात पोहोचला, तर छोट्या घरांचीही मोठी कामे होतील.