द्रवचालित सुकाणू : रचना, हिशेब आणि जुळणी

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन नगरे ओळीने लागतात. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी १९४९ मध्ये सिंधी निर्वासितांसाठी उल्हासनगर वसले. अंबरनाथ येथे १९५३ मध्ये ‘मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी’ हा सरकारी कारखाना उभा राहिला; २०२१ पासून तो ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’ या कंपनीचा भाग आहे. बदलापूरच्या आसपास भातखाचरे आहेत आणि जोडीला नव्या बांधकामांसाठी चाललेले खोदकाम आहे. लेथ आणि चिखल अशा प्रकारे शेजारी नांदणाऱ्या या परिसरात, रस्ता सोडून चालणाऱ्या वाहनाचे सुकाणू हा केवळ पुस्तकी विषय राहत नाही. प्रस्तुत लेखात अशा वाहनावरील पूर्ण द्रवचालित सुकाणूची रचना, तिचा हिशेब व तिची जुळणी यांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मोटारगाडीत आढळणाऱ्या ‘पॉवर स्टिअरिंग’मध्ये चालकाचे हात आणि पुढची चाके यांच्यात लोखंडी दांड्यांची साखळी कायम असते, तेलाचा दाब तिला केवळ साहाय्य करतो. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ मध्ये अशी योजना गाडीवर बसवून दाखविली. विक्रीच्या मोटारीत ती १९५१ मध्ये आली. पूर्ण द्रवचालित सुकाणूत मात्र ही साखळीच नाहीशी होते. हात आणि चाक यांच्यामध्ये उरतो तो नळीतील तेलाचा स्तंभ. आपल्याकडे लोक ज्याला सरसकट ‘जेसीबी’ म्हणतात त्या खोदयंत्रावर हीच पद्धत आढळते. खडकावर आपटणाऱ्या चाकाचा हिसका तीत हातापर्यंत पोहोचत नाही, आणि पुढे भरलेले बादलीचे ओझे असतानाही चाक सहज वळते. या सोयीची किंमत म्हणजे तेलावर टाकलेला संपूर्ण विश्वास होय.

या रचनेचे मुख्य घटक चार : पंप, सुकाणू-एकक, सिलिंडर आणि गाळणीसह तेलटाकी. त्यांपैकी सुकाणू-एकक हे मर्मस्थान. त्यात एक फिरती झडप आणि दातेरी चकतीचे एक मापयंत्र असते. चालकाने चक्र फिरविले की झडप उघडते आणि पंपाचे तेल मापयंत्रातून मोजून सिलिंडरकडे जाते. जेवढे फिरविले तेवढेच तेल, आणि म्हणून तेवढेच वळण. चक्र थांबताच झडप मध्यस्थितीत येते व सिलिंडरमधील तेल कोंडले जाते. इंजिन बंद पडल्यास हेच मापयंत्र हातपंपाचे काम करते. वाहन वळते, परंतु जोर पुष्कळ लावावा लागतो.

आता हिशेब पाहू. पुढच्या आसावर दोन्ही बाजूंनी दांडा असलेला एक सिलिंडर बसविला आहे असे समजू. त्याचा आतील व्यास ६३ मि.मी., दांड्याचा व्यास ३२ मि.मी. आणि धाव २०० मि.मी. दट्ट्याचे उपयोगी क्षेत्रफळ सुमारे २३.१ चौ. सें.मी. येते व संपूर्ण धावेसाठी ४६३ घन सें.मी. तेल लागते. सुकाणू-एकक एका फेऱ्यास १२५ घन सें.मी. तेल देत असेल, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ३.७ फेरे होतात. १०० बार दाबास २३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २,३६० किलोग्रॅम भाराइतका जोर मिळतो. चालक चक्र मिनिटास ८० फेरे या वेगाने फिरवू शकतो असे धरल्यास मिनिटास १० लिटर तेल हवे. इंजिन ७०० फेऱ्यांवर मंद चालत असताना, पंपाची कार्यक्षमता ९० टक्के मानल्यास, दर फेऱ्यास १६ घन सें.मी. देणारा पंप पुरतो. पंप लहान पडला की चिखलात मंद गतीने चालताना, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, चक्र जड होते.

एकाच बाजूस दांडा असलेला सिलिंडर स्वस्त पडतो, परंतु दांड्याच्या बाजूचे क्षेत्रफळ कमी असते. वरील मापांत एका दिशेस सुमारे ५ फेरे, तर दुसऱ्या दिशेस ३.७ फेरे लागतात. असे दोन सिलिंडर उलटसुलट जोडल्यास हा पक्षपात नाहीसा होतो.

जुळणीच्या वेळी पुढची चाके जमिनीपासून उचलावीत. टाकी भरून इंजिन मंद ठेवावे आणि चक्र दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा सावकाश फिरवावे. तेलात फेस दिसेपर्यंत हवा शिल्लक आहे असे समजावे. सिलिंडरची धाव आणि आसावरील अटकाव यांचा मेळ पाहावा, नाहीतर टोकाला पोहोचल्यावर सगळा जोर जोडदांड्यावर येऊन तो वाकतो. दाबमर्यादेची झडप मापकावर पाहूनच बसवावी, अंदाजाने नव्हे. गळती शोधताना नळीवरून हात कधीही फिरवू नये. सूक्ष्म छिद्रातून निघणारी तेलाची धार त्वचा भेदून आत शिरते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

या परिसरात पाऊस वर्षास २,००० मि.मी.हून अधिक पडतो. खाचरात उतरलेल्या यंत्राच्या दांड्यावर चिखल वाळतो व तो सील खरवडतो. टाकीच्या श्वासनलिकेतून पाणी शिरल्यास तेल दुधाळ दिसू लागते. असे तेल ताबडतोब बदलावे. सुकाणू-एककाचे भाग इतक्या बारीक अंतराने बसलेले असतात की डोळ्यांस न दिसणारा कणही झडप अडकवू शकतो. म्हणून नळ्या जोडण्यापूर्वी त्यांची टोके झाकून ठेवणे हे काम हिशेबाइतकेच महत्त्वाचे आहे.

शेवटी एक मर्यादा. चाके सरळ झाली तरी चक्र पूर्वीच्याच जागी येईल याची खात्री या पद्धतीत नसते, आणि हात सोडल्यास चाके आपोआप सरळही होत नाहीत. मंदगती यंत्रास हे चालते. महामार्गावरील वेगात ते घातक ठरते. निर्मात्याने ठरविलेल्या मूळ रचनेत असा बदल करून वाहन रस्त्यावर आणण्यास १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ प्रतिबंध करते. लोखंडी दांडा वाकतो, कुरकुरतो आणि मोडण्यापूर्वी बहुधा सूचना देतो. फुटलेली नळी सूचना देईलच असे नाही. जो कारागीर हा दांडा काढून त्या जागी तेल घालतो, त्याने दर पावसाळ्यापूर्वी नळ्या, सील आणि तेल यांची तपासणी करण्याची जबाबदारीही स्वीकारलेली असते.