शरमेपोटी इलाज टाळू नका

मलकापूरला भाचीचा निकाह असतो. सगळे घर निघते, पण दादी म्हणतात, "तुम्ही जा, मी घर सांभाळते." कारण गुडघ्यांचे सांगतात. खरे कारण मनात असते: शौचावर ताबा राहत नाही, बसमध्ये कपडे खराब झाले तर? वुजू टिकत नाही म्हणून मुसल्ल्यावर बसायलाही मन कचरते. असे एखादे घर आपल्याही ओळखीचे असेल.

हे म्हातारपणाचे भोग नाहीत, हा आजार आहे आणि त्यावर इलाज आहे. गुदद्वाराभोवती दोन गोल स्नायू असतात. आतला आपोआप काम करतो, बाहेरचा आपण इच्छेने आवळतो. बाळंतपणात झालेली जखम, जुना मधुमेह, मूळव्याध किंवा भगंदराचे ऑपरेशन यांमुळे स्नायू किंवा नसा कमजोर होतात. कधी जुनाट बद्धकोष्ठातही साचलेल्या मळाच्या कडेने पातळ शौच गळते.

यावरचा एक इलाज म्हणजे बायोफीडबॅक. अमेरिकेतील डॉक्टरांनी १९७४ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुदद्वारात एक बारीक नळी ठेवतात. रुग्णाने स्नायू आवळला की त्याचा जोर पडद्यावर रेघेच्या रूपात दिसतो. पोट किंवा मांड्या आवळल्या जात असतील तर तेही लक्षात येते. नळीच्या टोकाचा छोटा फुगा थोडा थोडा फुगवून शौचाची जाणीव वेळेवर ओळखायला आणि लगेच स्नायू आवळायला शिकवतात. यात चिरफाड नाही, भूल नाही. साधारण चार ते सहा वेळा जावे लागते आणि घरी रोज सराव करावा लागतो. सर्वांनाच सारखा गुण येत नाही. स्नायू पूर्ण फाटला असेल तर ऑपरेशनचा विचार करावा लागतो.

ही यंत्रे मोठ्या शहरांतील रुग्णालयांत असतात. पण सुरुवात जवळच्या सरकारी दवाखान्यापासून करता येते. तिथून गरजेप्रमाणे अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखवावे. बायकांनी लेडी डॉक्टर मागायला संकोच करू नये. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल तर अजिबात थांबू नये.

घरी करायचा व्यायाम सोपा आहे. वायू रोखल्यासारखा स्नायू पाच सेकंद आवळा, दहा सेकंद सैल सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका. गुण यायला काही आठवडे लागतात.

नमाजचे काय? हनफी मसलकात, एका नमाजच्या पूर्ण वेळेत वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही उसंत मिळत नसेल, तर ती व्यक्ती माजूर ठरते. तिने प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी एकदा वुजू करावा. त्रास अधूनमधून होत असेल तर हुकूम वेगळा आहे. आपली हालत आलिमांना सांगून मसला विचारून घ्यावा. नमाज सोडण्याची वेळ येत नाही.

घरच्यांनी एवढे करावे: नाक मुरडू नये, हसू नये. सुनेने किंवा लेकीने दादींजवळ बसून हळूच विचारावे. बोलायला सुरुवात झाली की अर्धी शरम तिथेच संपते.