नील पिअर्ट : ड्रमवादक व कवि

रॉक संगीत म्हटलें कीं आम्हां पालकांपैकीं पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतात. त्या गोंगाटांत विद्या ती कसली, असें वाटतें. तथापि त्याच जगांत असा एक पुरुष होऊन गेला कीं, ज्याचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावें. त्याचें नांव नील पिअर्ट.

नीलचा जन्म ता. १२ सप्टेंबर १९५२ रोजीं कॅनडांतील हॅमिल्टन शहरीं झाला. तेराव्या वाढदिवशीं आईबापांनीं त्याला ड्रमच्या दोन काठ्या, सरावाचा लहानसा ड्रम व शिकवणी एवढेंच दिलें. वर्षभर नेटानें शिकलास तर खरे ड्रम मिळतील, असें सांगितलें. मुलानें वर्ष पुरें केलें आणि आईबापांनींहि वचन पाळलें. अठराव्या वर्षीं तो नशीब काढण्यास इंग्लंडांत गेला. पण निराशाच पदरीं आली. परत येऊन तो पित्याच्या व्यवसायांत ट्रॅक्टरचे सुटे भाग विकूं लागला. पुढें १९७४ सालीं 'रश' नांवाच्या वाद्यवृंदांत त्याला जागा मिळाली.

गेडी ली व ॲलेक्स लाइफसन या सोबत्यांना गीतें रचण्याची फारशी हौस नव्हती. नीलला वाचनाचें वेड. म्हणून तें काम त्याजकडे आलें, आणि यापुढें बहुतेक गीतें त्यानेंच रचिलीं.

ताल व काव्य यांचें नातें किती जवळचें, हें एका उदाहरणावरून दिसेल. १९८१ सालच्या 'मूव्हिंग पिक्चर्स' या संग्रहांत 'वाय-वाय-झेड' नांवाची शब्दरहित रचना आहे. हीं तीन अक्षरें म्हणजे टोरोंटोच्या विमानतळाची खूण. मोर्सच्या तारसंकेतांत ती लांब व आंखूड नादांनीं वाजते. विद्यार्थीमित्रांनो, वृत्तें शिकतांना तुम्ही लघूची एक व गुरूची दोन मात्रा मोजतां, तसेंच येथें मोजा. 'वाय'चे नाद गुरु, लघु, गुरु, गुरु, म्हणजे सात मात्रा. दोनदां मिळून चौदा. 'झेड'चे गुरु, गुरु, लघु, लघु, म्हणजे सहा. एकूण वीस मात्रा झाल्या. याच ठेक्यावर रचनेचा आरंभ होतो. यंत्राचा तो रुक्ष नाद कितीएकांनीं ऐकला असेल. त्यांत छंद ऐकूं येण्यास कवीचा कान हवा.

कीर्तीच्या शिखरावर, वयाची चाळिशी उलटल्यावर, तो फ्रेडी ग्रूबर या वृद्ध गुरूपाशीं पुन्हां विद्यार्थी होऊन बसला आणि काठी धरण्याची रीतहि नव्यानें शिकला. ज्याला जग गुरु मानीत होतें, त्याला शिष्य होण्याची लाज वाटली नाहीं.

१९९७ च्या ऑगस्टांत त्याची एकोणीस वर्षांची कन्या मोटार-अपघातांत गेली. दहा महिन्यांनीं सहधर्मचारिणीहि कर्करोगानें गेली. मला आतां निवृत्त समजा, असें सोबत्यांस सांगून तो मोटारसायकलीवर निघाला व सुमारें ८८,००० किलोमीटर हिंडला. ही हकीकत 'घोस्ट रायडर' या त्याच्या पुस्तकांत (२००२) आहे. धर्मश्रद्धेविषयीं तो शंका घेणारा होता, हें लपविणें बरें नव्हे. तरी ईयोबाचा ग्रंथ ज्यानें वाचला आहे, त्याला त्या लांबच लांब रस्त्यावरील शोकाकुल बाप परका वाटणार नाहीं.

सोबत्यांनीं त्याची वाट पाहिली. तो परतला, त्यानें पुन्हां संसार मांडला, आणि २०१५ पर्यंत सभागृहें गाजविलीं. ता. ७ जानेवारी २०२० रोजीं मेंदूच्या कर्करोगानें त्याचें देहावसान झालें.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलगा घरांतील डबे बडवूं लागला तर लगेच रागावूं नये. त्याला एक वर्षाची अट घालावी. आणि त्यानें ती पाळली तर आपणहि आपला शब्द पाळावा.