अवधाण आलंय? गाठ नीट चाचपून पाहा
पायाची ठेच पिकली की जांघेत गाठ येते, तिलाच आपण अवधाण म्हणतो. घसा धरला की तशीच गाठ जबड्याखाली लागते. लसिकाग्रंथी जंतूंशी झुंजत असल्याची ही खूण. ती दुखते, बोटाखाली सरकते आणि बहुधा २ ते ४ आठवड्यांत ओसरते. चोळू नका.

दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणं, ही खरी चूक. गाठ कडक, एका जागी रुतलेली, २ सेंटिमीटरहून मोठी किंवा वाढती असेल, तर डॉक्टरांना दाखवा. गळपट्टीच्या हाडावरची गाठ असेल तर वाटच पाहू नका. संध्याकाळचा ताप, रात्री घाम, घटतं वजन सोबत असेल तर क्षयरोगाची शंका घ्यावी; मानेतली गंडमाळ म्हणजे बहुतेकदा तोच. सुईने नमुना घेऊन तपासणी होते. सरकारी दवाखान्यात क्षयाची औषधं मोफत मिळतात.